एक मिलिमीटरचा किडा आणि काकांचा प्रश्न

दिवाळीत टेंभुर्णीला गेलो होतो. (पुणे-सोलापूर रस्त्यावरची नव्हे हो, जालना जिल्ह्यातली, जाफ्राबाद तालुक्यातली! दर वेळी सांगावं लागतं.) फराळाचं ताट समोर आलं आणि काकांनी विषय काढला. धाकट्या चुलत बहिणीचं एमएस्सी झालंय, आता तिला पीएचडी करायचीय. कशावर? तर सी. एलेगन्स नावाच्या सूत्रकृमीवर!

"तू इंजिनिअर आहेस, तिला समजाव. पाच-सहा वर्षं किडा बघून काय मिळणार?"

थोडक्यात, तिला आयटीकडे वळवायचं काम माझ्याकडे आलं. मी आधी तिचं ऐकून घेतलं... आणि फसलो.

हा किडा जेमतेम एक मिलिमीटरचा, पारदर्शक. उभयलिंगी प्रौढाच्या शरीरपेशी मोजून ९५९. सिडनी ब्रेनर यांनी १९६०च्या दशकात त्याला संशोधनासाठी निवडलं. १९९८ साली त्याचा जवळजवळ सगळा जीनोम वाचून झाला. म्हणजे सोर्स कोड हातात आला. मग उरलं काय?

आमच्या धंद्यातल्या कुणालाही हे कळेल. कोड लिहिलेला असणं वेगळं आणि तो चालणं वेगळं. पेशीत जनुकाची आरएनए प्रत निघाली, तरी तिच्यावरून प्रथिन लगेच बनेलच असं नाही. आरएनएला चिकटणारी प्रथिनं काही प्रती जपतात, काही अडवून धरतात, काही मोडीत काढतात. रिलीज मॅनेजरच म्हणा ना! या किड्याच्या जननग्रंथीत एफबीएफ नावाची प्रथिनं मूळपेशी टिकवतात. त्यासाठी ती जीएलडी-१ या प्रथिनाची आरएनए प्रत दाबून ठेवतात. पेशी पुढे सरकल्या की हा दाब सुटतो. मग जीएलडी-१ तयार होतं आणि तेही आरएनएलाच चिकटून पेशींना अंडं बनण्याच्या वाटेवर ठेवतं. ते नसेल तर अंडी व्हायच्या पेशी विभागतच राहतात आणि गाठ तयार होते.

दुसरं उदाहरण लिन-२८चं. किड्याच्या अळीत कुठली पेशी कधी काय करेल, यावर त्याचा ताबा असतो. त्यात बिघाड झाला की वेळापत्रक विस्कटतं, हे १९८४ साली प्रसिद्ध झालं. २००७ साली जेम्स थॉमसन यांच्या गटाने माणसाच्या साध्या पेशींपासून मूळपेशींसारख्या पेशी बनवल्या, तेव्हा वापरलेल्या चार जनुकांपैकी एक होतं माणसातलं लिन-२८! १९८४ साली कुणी "उपयोग काय?" विचारलं असतं, तर काय उत्तर मिळालं असतं?

माझं मत एवढंच, की हा प्रश्न चुकीचा नाही, तो फार लवकर विचारला जातो. शुक्रवारी डेमो मागणाऱ्या क्लायंटची सवय आपल्याला लागलीय.

पण काकांनाही मी अडाणी म्हणणार नाही. त्यांची भीती किड्याची नाहीच. एक सोयाबीनचं पीक गेलं आणि त्याच वर्षी पोरीची फेलोशिप रखडली, तर काय? संशोधनाची जोखीम घरातल्या सर्वांत कमी कमावणाऱ्याने उचलायची, हे मला पटत नाही. आपण दर महिन्याला पगार घेणारे तरी कशाला आहोत?

म्हणून काकांना सांगितलं, "मी समजावणार नाही. फेलोशिप लांबली तर खोलीभाडं आणि मेसचे पैसे मी देतो."

काका काहीच बोलले नाहीत. निघताना गाडीत मोसंबीची पिशवी ठेवता ठेवता बहिणीला हळूच विचारत होते, "तो किडा आपल्याकडं सापडंल का गं?"