ट्रॅकवर पळवायला पहिली गाडी घ्यायचीय? आचोळ्यात बसून हिशोब केला तर उत्तर बदलतं

२२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. ४ मीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना त्याआधी सेस धरून २९ टक्के लागायचे. नवी स्विफ्ट पाच लाख ऐंशी हजारांच्या आत सुरू व्हायला लागली. आता ज्यांच्या फीडमध्ये दिवसभर लॅप टाइमचे रील फिरतात, त्यांच्या डोक्यात एक प्रश्न येणारच. आपण पण एखादी स्वस्तातली गाडी घेऊन ट्रॅकवर उतरावं का? आणि उतरायचं तर कुठली घ्यावी?

प्रश्न सोपा वाटतो, पण नालासोपारा पूर्वेला, आचोळ्यात राहून विचारला की उत्तर जरा वेगळं येतं. कसं, ते बघू.

आधी ट्रॅक डे म्हणजे काय?

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नाही. बंद सर्किटवर फी भरायची, हेल्मेट घालायचं आणि ठरलेल्या वेळात, ठरलेल्या गटात आपली गाडी चालवायची. पहिला नंबर कुणाचा याला काही महत्त्व नसतं. समोरून ट्रक येत नाही, मध्येच कुणी रस्ता ओलांडत नाही आणि वळणावर चुकलात तर बाजूला मोकळी जागा असते.

मग रस्त्यावर काय अडचण आहे?

आचोळ्यातून वसई फाट्याला गेलं की मुंबई-अहमदाबाद महामार्ग लागतो. याच महामार्गावर, आपल्याच पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळच्या सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ ला सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. महागडी, सुरक्षित समजली जाणारी गाडी होती. मागे बसलेल्यांनी सीट बेल्ट लावला नव्हता.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली, तर पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर कैद १ वर्षापर्यंत आणि दंड १० हजारांपर्यंत जातो.

थोडक्यात, वेगाची हौस असेल तर जागा एकच, ट्रॅक. पण खरी गोची इथंच आहे.

ट्रॅक आहे कुठं?

ट्रॅक डेसाठी ज्यांचं नाव घेतलं जातं ती सर्किट म्हणजे चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचं कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, जिथं २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. तिन्ही आचोळ्यापासून १,२०० किलोमीटरच्या पुढे.

महाराष्ट्रात चाकणला फोक्सवॅगन बनते, रांजणगावला फियाट बनायच्या, पिंपरी-चिंचवडला टाटा बनतात. पण वरच्या यादीत राज्यातलं एकही सर्किट नाही. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस होतात, पण ते सरळ रेषेत पळवणं झालं. तिथं वळण नाही. कोल्हापूरला मोहित्यांचा ट्रॅक आहे, पण तो कार्टिंगचा.

म्हणजे गाडी घेण्याआधीच जाऊन येऊन अडीच हजार किलोमीटरचा खर्च ठरलेला. पेट्रोल, टोल, दोन-तीन मुक्काम, आणि परतीला गाडी बंद पडली तर टोइंग.

विमा आहे की!

नाही. आपल्या नेहमीच्या कार पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. त्यात आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठी गाडी वापरली तर संरक्षण नाही, असं लिहिलेलं असतं. ट्रॅक डेला शर्यत म्हणा किंवा नका म्हणू, गाडी भिंतीला लागली तर क्लेम मिळेल या भरवशावर जाऊ नका.

आता निवडीचा नियम आपोआप ठरतो. पहिली ट्रॅकची गाडी अशी हवी, जी उद्या भंगारात गेली तरी घराचा हप्ता चुकणार नाही. म्हणून कर्जावर घेतलेली नवी गाडी इथंच बाद. जीएसटी कमी झाल्याचा फायदा दुसऱ्या बाजूने होऊ शकतो. नवी स्वस्त झाली की जुनी विकणारे भावाला जास्त ताणू शकत नाहीत.

मग कुठली?

जुनी स्विफ्ट, पेट्रोल, मॅन्युअल. उत्तर कंटाळवाणं आहे, पण कारणं पक्की आहेत. २०१८ ची स्विफ्ट जेमतेम ८६० किलोंच्या आसपास भरते. गाडी हलकी असली की ब्रेक आणि टायर दोन्ही कमी झिजतात. पार्ट कुठल्याही गल्लीत मिळतात, नाही मिळाले तर कुर्ल्याचं मार्केट आहेच. एलजीबी फॉर्म्युला ४ या शर्यतीच्या गाड्यांमध्येही स्विफ्टचंच १.३ लिटरचं इंजिन बसवलेलं असतं.

पोलो टीएसआय जास्त जोरात पळते, यात वाद नाही. पण पोलो २०२२ ला बंद झाली आणि डीएसजी गिअरबॉक्स बिघडला तर त्या बिलात ट्रॅकच्या दोन वाऱ्या होतील. फोर्ड फिगोचं स्टिअरिंग भारी, पण फोर्डने २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवायचं जाहीर केलं. २००० च्या सुमाराची होंडा सिटी व्हीटेक ही हौशी लोकांची लाडकी. मात्र २० वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ मध्ये ५ हजारांवरून १० हजार झाली.

घेताना काय बघायचं?

आपल्या भागात पहिली तपासणी पाण्याची. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले होते, आणि आचोळे रोडवर पाणी साचणं आपल्याला नवीन नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून टोकाला चिखलाचा डाग आहे का बघा. कार्पेट उचलून वास घ्या. सीटखालच्या पट्ट्यांना गंज आहे का तपासा. गाडी एमएच ४८ असो की दुसऱ्या पासिंगची, थकलेले चलान आणि बँकेचा बोजा ऑनलाइन बघूनच टोकन द्या.

दुसरं, ई-२० पेट्रोल. २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इंधनाचे रबरी पाइप मेकॅनिककडून तपासून घ्या, कडक झाले असतील तर बदला.

पैसे कुठं घालायचे?

समजा हातात ४ लाख आहेत. गाडीवर अडीचच्या वर जाऊ नका. उरलेल्यातून पहिले ब्रेक पॅड आणि ताजं ब्रेक ऑईल. सलग जोरात ब्रेक मारले की ऑईल उकळतं आणि पेडल खाली बसतं, वेगात यापेक्षा वाईट काही नाही. मग चांगले टायर, इंजिन ऑईल, कूलंट, हेल्मेट. राहिलेले प्रवासाला आणि मोडतोडीला. मोठा सायलेन्सर, रिमॅप या नादाला लागू नका. याच गाडीने महामार्गावरून घरी यायचंय, आणि दर बेकायदा बदलाला ५ हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे.

आणि हे सगळं करण्याआधी एक काम करा. लोकल पकडून वडाळ्याच्या कार्टिंग ट्रॅकवर दोन-चार रविवार घालवा. आवड टिकली तर चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या रेसिंग स्कूलला एकदा जा, तिथं गाडी स्कूलचीच मिळते. तिथून आल्यावरही झोप लागत नसेल, तर मग स्विफ्ट शोधायला लागा.