बिबळ्याची परीक्षा माणसांवर व्हावी

यवतमाळ जिल्ह्याच्या जंगलात सागाच्या सोबतीने बिबळा वाढतो. आयुर्वेदातला विजयसार तो हाच. त्याच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी सकाळी प्यायले की साखर उतरते, असे खात्रीने सांगणारे दिग्रससारख्या गावात सहज भेटतात. त्यांना खोटे ठरवायची घाई नको, पण त्यांच्या शब्दावर रोजची गोळी बंद करणे हा निव्वळ जुगार आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मधील अहवालानुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख मधुमेही आहेत. एवढ्या लोकांच्या प्रश्नाचे उत्तर ऐकीव माहितीवर सोडता येत नाही.

आपल्याकडे वनस्पतीच्या अर्कांवरचे बरेचसे काम उंदरांपाशीच थांबते. स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून उंदराच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारायच्या, अर्क पाजायचा आणि साखर मोजायची. पण पन्नाशीतल्या माणसाचा मधुमेह असा एका सुईने जडलेला नसतो. त्याच्या शरीरात इन्सुलिन असते, ते नीट काम करत नाही. वैद्यकीय संशोधन परिषदेने मात्र विजयसार थेट रुग्णांना देऊन पाहिला. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 12 आठवड्यांत 97 पैकी 67 जणांची साखर आटोक्यात आली. आकडा आशादायक आहे, मात्र रुग्ण सौम्य मधुमेहाचे होते आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. आहार सांभाळल्यानेही साखर उतरते, मग श्रेय कोणाला द्यायचे?

परंपरेने हजारो वर्षे पारखलेल्या वनस्पतीला पाश्चात्त्य कसोटी कशाला, असा आक्षेप येतो. पण मूत्रपिंड किंवा डोळ्याचा पडदा दहा वर्षांनी वाचतो की नाही, हे जुन्या वैद्याला मोजता येण्याजोगे नव्हते. शिवाय कसोटीने वनस्पतीचा मान घटत नाही. आज जगभर मधुमेहावर दिले जाणारे मेटफॉर्मिन गॅलेगा या युरोपीय वनस्पतीतल्या रसायनाचा माग काढत सापडले. फ्रेंच डॉक्टर जाँ स्टर्न यांनी 1957 मध्ये त्याचा रुग्णांवरील उपयोग प्रसिद्ध केला. मूळ रसायन विषारी होते, त्याचा सौम्य भाऊबंद कामी आला. ‘झाडपाल्याने अपाय तर होत नाही’ हे म्हणणेही टिकत नाही. करोनाच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद केली. ती गुळवेलच होती का, यावर आयुष मंत्रालयाने वाद घातला. तो वाद खरा मानला, तरी बाटलीत नेमके काय आहे हे तपासण्याची गरज त्यातून अधिकच ठळक होते.

खरा अडथळा पैशाचा आहे. जंगलातल्या झाडावर एकाधिकार मिळणे कठीण, म्हणून मोठ्या चाचणीत कंपनी पैसा घालत नाही. वनस्पतीजन्य औषधांसाठी केंद्राने 2015 मध्ये वेगळी नियमावली आणली, पण नियमाने चाचणीचा खर्च भागत नाही. तो सरकारने उचलावा. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बिबळ्याची अशी चाचणी घ्यावी, दिग्रस-पुसदचे रुग्ण त्यात असावेत, आणि निकाल प्रतिकूल आला तरी छापावा. तोवर पेल्यातले पाणी पिणाऱ्यांनी एवढे करावे: डॉक्टरांना ते सांगावे आणि गोळी स्वतःहून बंद करू नये.