मनगटावरचे बोधचिन्ह आणि विश्वासाचा प्रश्न

बोधचिन्ह एकदा ठरले की ते वर्षानुवर्षे बदलायचे नाही, हा व्यापारातील जुना दंडक. अंगावर वागवायच्या आरोग्य-उपकरणांनी तो मोडीत काढला. २०१५ मध्ये बाजारात आलेल्या ॲपल वॉचच्या पडद्यावर लाल, हिरवे आणि निळे अशी तीन वर्तुळे असतात. हालचाल, व्यायाम आणि उभे राहणे यांच्या हिशेबाने ती दिवसभर भरत जातात. म्हणजे उत्पादनाची ओळख बनलेले हे चिन्ह ग्राहकाचे शरीरच रोज नव्याने रेखाटते. साहजिकच ते परके वाटत नाही. अपुरे राहिले, तर चुटपुट लागते.

या आपलेपणाला दुसरीही बाजू आहे. हे चिन्ह जिवंत राहते ते शरीराच्या खासगी नोंदींवर. गुगलच्या फिटबिट खरेदीला डिसेंबर २०२० मध्ये मंजुरी देताना युरोपीय आयोगाने एक हमी घेतली: तेथील ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती गुगलने किमान १० वर्षे जाहिरातींसाठी वापरायची नाही. रंगसंगती कितीही मोहक असो, या उपकरणांची खरी ओळख अशा हमीवरच टिकेल. मात्र ती नियामकाने मागण्याआधी कंपन्यांनी आपणहून द्यायला हवी.