साडेआठ मिनिटे थांबावे



रॉक गाण्यांच्या सुरुवातीचे वाद्यसंगीत म्हणजे वेळकाढूपणा, गायक येईपर्यंत ते पुढे सरकवावे, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मुळीच पटले नाही.

‘स्मोक ऑन द वॉटर’ (1972) घ्या. रिची ब्लॅकमोरची गिटारवरची ती सुरुवातीची सुरावट पुसून टाकली तर गाण्याची ओळखच पुसली जाईल. आपल्याकडे ‘यादों की बारात’ (1973) मधल्या ‘चुरा लिया है’च्या आधी काचेची किणकिण होते आणि तेवढ्यानेच गाणे कळते. संगीतकार पंचमदांना एवढे पुरत असे.

पण माझा खरा आग्रह पिंक फ्लॉइडच्या ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’साठी (1975) आहे. ओल्या बोटांनी घासलेल्या काचेच्या पेल्यांचा नाद, त्यावर सिंथेसायझरचा संथ, लांब सूर, आणि जवळपास चार मिनिटांनी डेव्हिड गिल्मरच्या गिटारचे ते चार स्वर. शब्द येतात साडेआठ मिनिटे उलटल्यावर. हे गाणे आहे सिड बॅरेटसाठी. मानसिक प्रकृती ढासळल्याने 1968 मध्ये बँडपासून दुरावलेल्या सोबत्याची आठवण अशीच, हळूहळू, दाटून यायला हवी. तिथे घाई केली तर दुःख कळणार नाही.

आम्ही सुरतेतल्या कतारगामचे लोक हिरे घासणाऱ्या चाकांच्या आवाजात राहतो. एकेक पैलू पाडायला किती धीर लागतो, ते इथे रोज दिसते; असे गाणे ऐकायलाही तसाच धीर हवा.

पत्रलेखकाला विनंती, आज रात्री दिवा मालवून हे गाणे पहिल्या क्षणापासून ऐका.

— एक वाचक, कतारगाम, सुरत