मोरोक्कन फरशीची पारख



नव्या सदनिकेची सजावट ठरविताना अलीकडे मुले-सुना ‘मोरोक्कन टाइल’चा आग्रह धरतात. घरातील ज्येष्ठांना मात्र हातची फरशी पाहताच शंका येते. कडा किंचित उडालेल्या, रंग एकसारखा नाही, पृष्ठभाग उंचसखल. अशा मालाला जादा दाम का मोजावे? प्रश्न व्यापाऱ्याचा आहे आणि रास्त आहे.

मोरोक्कोतील फेस शहराची ही फरशी ‘झेलीज’ नावाने ओळखली जाते. तेथील चिकणमाती भिजवून, मळून, हाताने चौकोनी थापतात. उन्हात वाळवून भाजतात, झिलई देऊन पुन्हा भाजतात. भट्टीत सर्वत्र आच सारखी नसते, म्हणून एकाच निळ्याच्या अनेक छटा निघतात. उंचसखल झिलईवर प्रकाश निरनिराळ्या कोनांतून परततो आणि भिंतीचे रूप दिवसभर पालटत राहते. नक्षीसाठी कारागीर धारदार हातोडीने फरशीचे लहान तुकडे घडवितो, ते पालथे मांडतो आणि मागून गिलावा ओततो. रंगीत बाजू खाली असल्याने काम उभे राहीपर्यंत ती नक्षी केवळ त्याच्या मनात असते! फेसच्या अत्तारीन मदरशात चौदाव्या शतकातील असे काम आजही पाहावयास मिळते.

बाजारात याच नावाने आणखी दोन वस्तू विकल्या जातात. पहिली, रंगीत सिमेंट साच्यात ओतून दाबयंत्राने घट्ट केलेली नक्षीदार फरशी. हिला भट्टी लागत नाही. आपल्या जुन्या वाड्यांतून, पेढ्यांतून ती दिसते. मुंबईची भारत फ्लोअरिंग्ज १९२२ पासून या व्यवसायात आहे. दुसरी, छापील सिरॅमिक. तिच्यावरचा ओबडधोबडपणाही छापील असतो आणि काही फरशांनंतर हुबेहूब पुन्हा येतो. नमुन्याच्या एका फरशीवरून हे कळत नाही. पेटी उघडवून वीस-पंचवीस फरशा जमिनीवर मांडाव्यात. छापील माल टिकाऊ व स्वस्त आहे, तो घेण्यात कमीपणा नाही. हातकामाच्या दराने मात्र घेऊ नये.

झेलीज स्वयंपाकघराच्या ओट्यामागील भिंतीस शोभते; वर्दळीच्या जमिनीवर झिलईचे टवके उडतात. तुटफूट धरून थोडा जादा माल आरंभीच मागवावा, कारण पुढच्या भट्टीची छटा जुळेलच असे नाही. सिमेंटच्या फरशीवर लिंबाचा रस सांडल्यास त्वरित पुसावा, आणि ती पुसण्यास आम्लयुक्त द्रावण कदापि वापरू नये.