बिंदु थोडे, रेषा बोलकी

हल्लीं पुष्कळ शाळांतून संगणकावर चित्रें काढून तीं हालतीं करण्याचा छंद वाढत आहे. विद्यार्थ्यांचा हा उत्साह पाहून आम्हांस संतोष होतो. परंतु कांहीं पालक या उद्योगास निव्वळ खेळ समजतात, तर कांहीं परीक्षक चित्राचें केवळ बाह्य रूप पाहून गुण देतात. या दोन्ही गोष्टी आम्हांस योग्य वाटत नाहींत. आमचें म्हणणें असें कीं, अशा चित्राची खरी परीक्षा त्याच्या रंगांत नसून रंगाखालीं दडलेल्या बिंदूंत आहे, आणि शाळांनीं तीच परीक्षा घेतली पाहिजे.

ठिपक्यांची रांगोळी आपल्या घरोघरीं परिचित आहे. तींत ठिपके आधीं मांडतात व रेषा मागून येते. व्हेक्टर पद्धतीच्या चित्राचेंही तसेंच आहे. छायाचित्राप्रमाणें रंगांचे असंख्य कण तेथें सांठविलेले नसतात. सांठविलेलीं असतात तीं बिंदूंचीं स्थानें, आणि रेषा गणिताच्या नियमानें प्रत्येक वेळीं नव्यानें काढली जाते. म्हणूनच असें चित्र कितीही मोठें केलें तरी फुटत नाहीं. सामान्यतः वक्ररेषेच्या प्रत्येक तुकड्यास चार बिंदु लागतात : दोन टोकांचे, आणि दोन रेषेस आपल्याकडे ओढणारे. या ओढणाऱ्या बिंदूंपर्यंत जाणाऱ्या दांड्यांस ‘हँडल’ म्हणतात. एखाद्या बिंदूच्या दोन्ही बाजूंचे हँडल एकाच सरळ रेषेंत असले, तर वळण गुळगुळीत होतें. त्यांच्यांत कोन पडला, तर तेथें टोंक निघतें.

या वक्ररेषेस फ्रान्समधील रेनो मोटार कारखान्याचे अभियंते पिएर बेझिए यांचें नांव मिळालें आहे. सिट्रोएन कारखान्यांतील पॉल द कास्तेलझो यांनीं १९५९ सालींच तिची रीति शोधिली होती. पण त्या कारखान्यानें ती गुप्त ठेविली. ही रीति शाळकरी मुलासही पट्टी-पेन्सिलीनें पडताळतां येईल. चार बिंदु घेऊन ते क्रमानें तीन रेषांनीं जोडावे. प्रत्येक रेषेचा मध्य काढून ते तीन मध्य दोन रेषांनीं जोडावे. त्या दोहोंचे मध्य पुनः एका रेषेनें जोडावे. या शेवटच्या रेषेचा मध्य वक्ररेषेवरच पडतो. तेथें नवा बिंदु घातला असतां आकार रतिभरही बदलत नाहीं; परंतु असलेला बिंदु काढून टाकल्यास तो बहुधा बदलतो. मिळविणें सोपें, वगळणें कठीण. आणि कौशल्य वगळण्यांतच आहे.

चित्र हालूं लागलें म्हणजे याचें कारण कळतें. चार तुकड्यांनीं वर्तुळ काढलें, व प्रत्येक हँडलची लांबी त्रिज्येच्या सुमारें ०.५५२३ पट ठेविली, तर खऱ्या वर्तुळापासून पडणारें अंतर त्रिज्येच्या १०,००० भागांपैकीं ३ भागांहूनही कमी असतें. असा चेंडू जमिनीवर आपटून चपटा होतो, हें दाखवावयास चार टोकांचे बिंदु व त्यांचे हँडल हालविले कीं पुरे. पण तोच चेंडू कागदावर काढून यंत्राकडून आपोआप गिरवून घेतला, तर हाताच्या थरथरीबरोबर बिंदूंची गर्दी होते, आणि ते सारे एका लयींत हालविणें दुर्घट होऊन बसतें. शिवाय पहिल्या व शेवटच्या स्थितींतील बिंदूंची संख्या व क्रम जुळला नाहीं, तर मधलीं चित्रें काढतांना यंत्र भलत्याच बिंदूंची सांगड घालतें, व आकृति पिळवटून जाते. तथापि स्थिर चित्रांत दोन्ही चेंडू सारखेच दिसतात! विचार करणाऱ्यास व गिरवून घेणाऱ्यास समान गुण मिळावे, हा अन्याय नव्हे काय?

कोणी म्हणतील, “आतां शब्द सांगितले कीं यंत्रच चित्र करून देतें, मग हा खटाटोप कशास?” आमचें उत्तर एवढेंच कीं, मिळालेलें चित्र सुधारणार कोण? नाक कोठें वांकडें झालें हें ज्यास दिसतें व कोणता बिंदु ओढावा हें ज्यास कळतें, तोच यंत्राचा धनी. बाकीचे त्याचे आश्रित. बटणें पाठ करण्यांतही अर्थ नाहीं. एके काळीं सर्वत्र चालणाऱ्या फ्लॅश प्लेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजीं बंद झाला. बिंदु आणि वक्ररेषा यांचें ज्ञान मात्र आजही तितकेंच उपयोगी आहे. पडद्यावर दिसणारीं आपलीं देवनागरी अक्षरेंसुद्धां अशाच बिंदूंनीं घडविलेलीं असतात.

यास्तव शिक्षकांस आमची सूचना आहे कीं, गुण देण्यापूर्वीं बिंदु उघडून पाहावे, आणि तेंच चित्र निम्म्या बिंदूंत पुनः काढावयास सांगावें. पालकांनीं खर्चाची धास्ती बाळगूं नये. इंकस्केप व सिनफिग हीं साधनें विनामूल्य मिळतात. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हीं आधीं कागदावर ‘ळ’ काढा. तो सर्वांत वर, खालीं, डावीकडे व उजवीकडे कोठें पोंचतो तें पाहा, आणि तेथेंच बिंदु ठेवा. चुकलेलें वळण पुसून टाकण्याऐवजीं तें कोणत्या बिंदूमुळें चुकलें हें शोधण्याची संवय तुम्हांस लागली, तर ती चित्रकलेच्या तासापलीकडेही तुमच्या उपयोगीं पडेल.