ओल्या हातातलं जीपीएस

एप्रिलमधली सकाळ. लेकीला घेऊन दोघांच्या कयाकमधून कोवलमच्या समुद्रात गेले होते. मुट्टुकाडूच्या खाडीत आमचा हात बसला होता, म्हणून थोडी हिंमत वाढली होती. किनाऱ्यापासून जेमतेम अर्धा किलोमीटर आत गेलो आणि वळून पाहिलं, तर सगळा किनारा एकसारखा. तीच नारळाची झाडं, तीच सुरूची बनं, त्याच होड्या. आपण निघालो कुठून, तेच कळेना.

प्लॅस्टिकच्या पिशवीतला फोन काढला, तर पिशवीवरच्या पाण्याच्या थेंबांनाच तो बोट समजायला लागला. पडदा आपोआप हलायचा, उन्हात काही दिसायचं नाही. लेक पुढे बसलेली. तिला कळू नये म्हणून मी मोठमोठ्याने गप्पा मारत होते. शेवटी निघालो त्या जागेच्या बरंच उत्तरेला लागलो आणि तापल्या वाळूतून कयाक ओढत परत आलो.

झालं असं, की पहाटेचे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. ते पाठीशी असल्याने आत जाताना वल्हं हलकं लागतं. शिवाय या दिवसांत चेन्नईच्या किनाऱ्याजवळचा प्रवाह बहुधा उत्तरेकडे नेतो, नोव्हेंबर-डिसेंबरात दक्षिणेकडे. आपण सरकतोय हे पाण्यात बसून समजत नाही. वल्हं थांबवल्यावरही वेग आणि दिशा दाखवणारं यंत्र मात्र ते लगेच सांगतं.

म्हणून हातात धरायचं जीपीएस घ्यायचं ठरवलं. दुकानात नकाशे, रंगीत पडदा, कॅमेरा असं बरंच काही दाखवतात. मी मात्र एकच कसोटी लावली: दमलेल्या, ओल्या हाताने हे वापरता येईल का?

बटणं हवीत. टच स्क्रीन घरी छान वाटते, खाऱ्या पाण्यात रुसते.

तरंगायला हवं. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल, एवढंच. पाण्यात पडल्यावर ते बुडून तळाशी गेलं तर काय उपयोग? गार्मिनच्या जीपीएसमॅप ७९ मालिकेतली यंत्रं तरंगतात, पण बरीच यंत्रं तरंगत नाहीत. विचारून घ्या.

साधे डबल-ए सेल चालणारं बरं. ते कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात आणि जोडीला एक कोरडा जोड ठेवता येतो.

जास्त उपग्रहप्रणालींसाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. उंच इमारतींत किंवा दाट रानात त्यांचा फायदा होतो. समुद्रावर आभाळ मोकळं असतं, तिथे साधं यंत्रही काही मीटरांच्या आत जागा सांगतं.

दोन गोष्टी घरीच शिकून घ्या: निघतानाची जागा नोंदवणं आणि आलेल्या वाटेनेच परत जाणं. पुलिकतसारख्या उथळ सरोवरात, वाळूच्या उंचवट्यांमधून वाट काढताना ही दुसरी सोय फार कामाची. यंत्राची दोरी कयाकला नको, लाइफ जॅकेटला बांधा. उलटलेली कयाक वाऱ्याबरोबर निघून जाऊ शकते, जॅकेट अंगावरच राहतं. घरी आल्यावर यंत्र गोड्या पाण्याने धुवा.

एक सावधगिरी. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवू नका. परवान्याशिवाय ती भारतात बाळगता येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांना यावरून कारवाईला तोंड द्यावं लागलं होतं.

आणि हे विसरू नका: साधं जीपीएस फक्त ऐकतं, बोलत नाही. आपण कुठे आहोत हे ते आपल्याला सांगतं, दुसऱ्या कुणाला नाही. म्हणून फोन आणि शिट्टी सोबत असू द्या, तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये ठेवा. शिवाय किती वाजता परतणार, हे किनाऱ्यावरच्या कुणाला तरी सांगून जा.

आता आमच्याकडे निघण्याची जागा नोंदवायचं काम लेकीचं. ती बटण दाबते, मला दाखवते, मगच वल्हं पाण्यात पडतं.